भूगोलाचा राहिलेला पेपर

मी भूगोल शिकवतो. दहावीच्या परीक्षेत हा पेपर बहुधा सगळ्यात शेवटी येतो. ४० गुणांचा, दोन तासांचा, पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी. गणित-विज्ञानाचं ओझं तोवर उतरलेलं असतं, त्यामुळे मुलं भूगोलाला फारसा भाव देत नाहीत आणि पेपर टाकून निघतात ती थेट वडापावच्या गाड्यावर. २०२० साली हा पेपर २३ मार्चला, सोमवारी होता. शनिवारी बातमी आली की तो पुढे ढकलला. रविवारी जनता कर्फ्यू झाला, मंगळवारी रात्री देशभर टाळेबंदी लागली. पेपर कधी, ते कुणीच सांगेना. तीन आठवड्यांनी, १२ एप्रिलला, तो रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि भूगोलाचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून द्यायचं ठरलं.

त्या तीन आठवड्यांत माझ्या वर्गातली एक मुलगी रोज सकाळी ब्राझील वाचत होती. हे तिच्या आईनं मला फोनवर सांगितलं. पुस्तक, कंपास, हॉल तिकीट, पाण्याची बाटली असं सगळं पिशवीत भरून तिनं दाराशी ठेवलं होतं आणि ती पिशवी कुणाला हलवू देत नव्हती. बातम्या लागल्या की टीव्हीसमोर येऊन उभी राहायची, बसायची नाही. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. "सर, जरा समजावून सांगा ना तिला, तुमचं ऐकेल ती," आई म्हणाली. मी फोनवर त्या मुलीला म्हणालो, "अगं, भूगोल तर आहे, एवढं काय त्यात!" स्वतःच्या विषयाची इतकी बेअब्रू मी आयुष्यात केली नव्हती. ती म्हणाली, "सर, भूगोलाचं काही नाही. पण कधी आहे ते तर सांगा."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. नंतरच्या दोन वर्षांत दहावीच्या आणखी दोन तुकड्या माझ्यासमोरून गेल्या आणि तेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा कानावर आलं की शेवटी डोक्यात शिरलं. महामारीतल्या मुलांच्या मानसिक ताणाविषयी आपण बोलतो तेव्हा तीन गोष्टींची नावं घेतो: आजाराची भीती, मोबाइल आणि एकटेपण. तिन्ही खऱ्या आहेत. पण चौथी गोष्ट आपण मोठ्यांनी केली, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. मुलांना ताण येईल, असं म्हणत आपण निर्णय लांबवत राहिलो आणि निर्णय लांबत होता म्हणून मुलांना ताण येत होता.

उसात बिबट्या आहे, एवढी बातमी गावात आली की काय होतं, हे आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. बिबट्या प्रत्यक्ष समोर आला तर माणूस ओरडतो, पळतो, झाडावर चढतो, काहीतरी करतो. पण 'आहे म्हणे' एवढंच कळलं की करण्यासारखं काही उरत नाही. रात्री पाणी द्यायला जायचं की नाही, पोरांना शाळेत एकटं सोडायचं की नाही, गोठ्याचं दार किती वेळा बघायचं. कुत्रं भुंकलं तरी दचकायला होतं. पहिल्याला आपण भीती म्हणतो, दुसऱ्याला धास्ती. मानसोपचाराच्या पुस्तकात जिला चिंताविकार म्हणतात ती या धास्तीचीच लांबलेली, मुक्कामाला आलेली अवस्था असते. २०२० ते २०२२ या काळात पंधरा-सोळा वर्षांची मुलं अशा उसाच्या कडेला उभी होती. फरक इतकाच की त्यांच्या बिबट्याबद्दल दर आठवड्याला नवी पत्रकार परिषद व्हायची.

मुलं हे सांगत कशी होती, तेही पाहायला हवं. चिंता हा शब्द पंधरा वर्षांचं पोर वापरत नाही; तो आजीचा शब्द आहे. मुलं म्हणतात 'टेन्शन आलंय', आणि तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की युनिट टेस्टलाही टेन्शन आणि बापाच्या ऑक्सिजन सिलिंडरलाही टेन्शन. त्याच्या पलीकडचं काही असलं की ते शरीर बोलतं. पोटात दुखतंय. छातीत धडधडतंय. डोकं जड झालंय. 'कसंतरी होतंय' हे तर मी त्या दोन वर्षांत शेकडो वेळा ऐकलं असेल. मग घरचे काय करणार? ओवा देतात, लिंबू-सरबत देतात, दृष्ट काढतात, फार झालं तर डॉक्टरकडे नेऊन ॲसिडिटीची गोळी आणतात. यात कुणाचा दोष नाही. पोट दुखत असेल तर पोटाचंच औषध द्यायचं, हे शहाणपणाचंच आहे. पण महिनाभर पोट दुखतंय आणि सोनोग्राफीत काही निघत नाही, तेव्हा 'नाटकं करतोय' हा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर निघतो.

आकडे मी जपून वापरतो, कारण या विषयावर ते भडक रंगवून सांगायची फॅशन आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. म्हणजे महामारीच्या आधीच, साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जण. ऑगस्ट २०२१ मध्ये 'जामा पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात जगभरच्या २९ पाहण्यांचा, ८०,८७९ मुलांचा एकत्रित आढावा आला. त्यात साधारण चारातल्या एका मुलात नैराश्याची आणि पाचातल्या एकात चिंतेची लक्षणं दिसली, महामारीपूर्वीच्या अंदाजांच्या जवळपास दुप्पट. ही लक्षणं आहेत, निदान नव्हे. प्रश्नावलीवर 'हो' म्हणणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण मला या सगळ्यांपेक्षा जास्त टोचला तो युनिसेफच्या २०२१ च्या अहवालातला एक आकडा. मानसिक त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं, असं म्हणणारे १५ ते २४ वयाचे तरुण २१ देशांत सरासरी ८३ टक्के होते. भारतात ४१ टक्के. म्हणजे आपल्याकडची निम्म्याहून जास्त पोरं आधीच ठरवून बसली आहेत की सांगून उपयोग नाही. हे त्यांनी कुणाकडून शिकलं, हे मी माझ्या त्या 'भूगोल तर आहे'वरून सांगू शकतो.

आता २०२१ ची तुकडी. या मुलांवर जे बेतलं त्याच्या तारखा मला पाठ आहेत, कारण त्या वर्षी मी शाळेच्या निकाल समितीत होतो.

लेखी परीक्षा २९ एप्रिलपासून ठरली होती. १२ एप्रिलला ती जूनपर्यंत पुढे गेली. पुढच्याच आठवड्यात ती रद्द झाली. रद्द झाली तर गुण कसे देणार, हे मात्र कुणी सांगितलं नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं सरकारला खडे बोल सुनावले आणि मग २८ मेला सूत्र आलं: ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून, २० तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरेंवरून. निकाल १६ जुलैला लागला, ९९.९५ टक्के, आणि त्या दिवशी संकेतस्थळ कित्येक तास उघडलंच नाही. तोवर अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी जाहीर झाली होती, २१ ऑगस्टची. ऐच्छिक म्हणे; पण जो देईल त्याला प्रवेशात आधी मान, मग ऐच्छिक कसली? मुलांनी पुन्हा पुस्तकं उघडली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयानं ती सीईटीच रद्द केली. १२ एप्रिल ते १० ऑगस्ट हे बरोबर १२० दिवस होतात. दहावीची परीक्षा एरवी तीन आठवड्यांत आटोपते.

समितीत आम्ही सात जण, मुख्याध्यापक अध्यक्ष. मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून, नववीचे तक्ते काढून बसलो होतो. आणि तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जिच्याबद्दल बाहेर कुणी फारसं बोललं नाही. या मुलांची नववी म्हणजे २०१९-२० चं वर्ष. त्या वर्षी नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली होती, त्याच १२ एप्रिलला, माझ्या भूगोलाच्या पेपरबरोबर. म्हणजे ज्या नववीवर दहावीचे ५० गुण उभे राहणार होते, ती नववी मुख्यतः दिवाळीआधीच्या सहामाहीवर उभी होती. एखाद्या पोरानं २०१९ च्या पावसाळ्यात, गणपतीच्या गडबडीत, सहामाहीला गणिताचा पेपर कसा तरी लिहिला असेल. त्याला कुणी सांगितलं होतं का की बाबा रे, हा तुझ्या दहावीचा पेपर आहे? माझ्यासमोरच्या तक्त्यात एका मुलाच्या नावापुढे त्या सहामाहीला गणितात 'गैरहजर' होतं. डेंग्यू झाला होता त्याला. आम्ही नियमात बसेल ते केलं. पण नियमात बसवायला लागलेला तो अर्धा तास मला आठवतो, कारण त्या अर्ध्या तासात मुलाच्या बापाचे तीन फोन येऊन गेले आणि मुलगा स्वतः शाळेच्या गेटबाहेर सायकल धरून उभा होता.

माझं म्हणणं असं नाही की परीक्षा घ्यायलाच हवी होती. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात खाटा मिळत नव्हत्या, रेमडेसिवीरसाठी माणसं रात्ररात्र रांगेत उभी होती. त्या महिन्यात सोळा लाख मुलांना केंद्रांवर बोलावणं हा वेडेपणा ठरला असता. रद्द करणं बरोबरच होतं. चूक होती ती रद्द केल्यानंतर. शाळा मार्च २०२० पासून बंद होत्या. नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग काही भागांत सुरू झाले, मुंबईत ते झालेच नाहीत. परीक्षा न झाल्यास काय, याचा पर्याय डिसेंबरमध्ये कागदावर मांडून ठेवता आला असता. 'झाली तर अशी, नाही झाली तर अशी' ही दोन वाक्यं जानेवारीत मुलांच्या हातात असती, तर वर्षभरातल्या प्रत्येक गृहपाठाला काही अर्थ आला असता. त्याऐवजी, मुलांच्या मनाचा विचार करून लवकरच योग्य तो निर्णय घेऊ, असं दर आठवड्याला सांगण्यात आलं. 'लवकरच' आणि 'योग्य तो' या दोन शब्दांनी त्या वर्षी जितकी झोप उडवली तितकी विषाणूनं उडवली नसेल.

आणि मग निकालानंतर काय? 'कोरोना बॅच.' हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण तो दुकानदारापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांनी वापरला. नव्वद टक्के मिळालेल्या मुलीला शेजारीण म्हणते, "यंदा काय, सगळ्यांनाच मिळालेत." जिनं खरोखर अभ्यास केला होता तिचे गुण खोटे ठरले, ज्यानं केला नव्हता त्यालाही आपण खोटे आहोत हे ठाऊक होतं. सरसकट दिलेली माफी दोघांनाही लागू पडली नाही. पुढे कॉलेजात पहिली लेखी परीक्षा आली तेव्हा या तुकडीतली कित्येक मुलं हॉलमध्ये बसल्यावर थरथरत होती, असं मला तिथल्या मित्रांनी सांगितलं. साहजिक आहे. नववीच्या सहामाहीनंतर त्यांनी मोठा पेपर दिलाच नव्हता.

तिसरी तुकडी २०२२ ची. ३१ जानेवारीला धारावीत, शिक्षणमंत्र्यांच्या घराजवळ, शेकडो मुलं रस्त्यावर उतरली. परीक्षा ऑनलाइन घ्या, ही मागणी. समाजमाध्यमांवरच्या एका तथाकथित 'भाऊ'च्या चिथावणीनं हे झालं, म्हणून त्याला अटकही झाली. टीव्हीवर दिवसभर एकच सूर: अभ्यास नको, फुकट पास व्हायचंय यांना. चिथावणी होतीच, मी नाकारत नाही. पण चिथावायला काडी लागते तसं वाळलेलं गवतही लागतं. दीड-दोन वर्षं या मुलांना आपण मोबाइलवर शिकवलं, मोबाइलवरच तपासलं, आणि आता म्हणालो की तीन तास हातानं लिहा. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२१ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि फोन असलेल्या घरांतल्याही चौथाईहून जास्त मुलांच्या हातात तो येत नव्हता. आमच्याकडे एक फोन, तीन भावंडं, आणि फोन बापाबरोबर सकाळी आठला शेतावर किंवा एमआयडीसीत गेलेला. अशा मुलानं वर्षभर काय लिहिलं असेल? मी फेब्रुवारीत सराव पेपर घेतला तेव्हा पाऊण तासात अर्धा वर्ग मनगटं झटकत होता. हाताला सवयच राहिली नव्हती.

इथं मला मंडळाचं कौतुक करायचं आहे, जे मी एरवी करत नाही. त्यांनी परीक्षा रद्द केली नाही आणि ऑनलाइनही केली नाही. वेळापत्रक डिसेंबरमध्येच सांगितलं होतं, ते बदललं नाही. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. केंद्र शक्यतो मुलाच्या स्वतःच्याच शाळेत दिलं. आणि मोठ्या पेपरला अर्धा तास, लहान पेपरला पाव तास वाढवून दिला. हा अर्धा तास म्हणजे मला त्या दोन वर्षांतला सगळ्यात शहाणा सरकारी निर्णय वाटतो. तो ताणाबद्दल एक शब्दही बोलत नव्हता, पण मनगट दुखणाऱ्या मुलासाठी नेमकं औषध होता. १५ मार्चला मुलं आली. पहिल्या दिवशी गेटवर दोघी-तिघी रडल्या, एकाला उलटी झाली. तिसऱ्या पेपरापर्यंत सगळं नेहमीसारखं झालं होतं, म्हणजे पेपर सुटल्यावर वडापाव. निकाल लागला ९६.९४ टक्के.

याच हंगामातली आणखी एक गंमत. बारावीच्या प्रश्नपत्रिका घेऊन निघालेला ट्रक फेब्रुवारीत संगमनेरजवळ चंदनापुरी घाटात पेटला. ५ आणि ७ मार्चचे दोन पेपर जळाले. मंडळानं लगेच सांगितलं: ट्रक जळाला, हे दोन पेपर आता ५ आणि ७ एप्रिलला. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांना मी विचारलं, टेन्शन आलं का रे? हसायला लागली. "सर, ट्रकच जळाला तर कोण काय करणार?" पेपर चांगला महिनाभर पुढे गेला होता. २०२० साली माझा भूगोलाचा पेपर तीन आठवडे लटकला तर एक मुलगी जेवायची थांबली होती. फरक किती दिवस पुढे गेला यात नव्हता. कारण काय आणि नवी तारीख कुठली, ही दोन उत्तरं एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती.

हे सगळं मांडलं की गावातले ज्येष्ठ एक ठरलेला मुद्दा काढतात. आजची पोरंच नाजूक. आम्ही बहात्तरचा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलो म्हणजे रेशनची लाल ज्वारी खाल्ली, आम्हाला नाही कुठलं डिप्रेशन आलं. या मुद्द्याची मी चेष्टा करणार नाही, कारण माझे वडीलही खडी फोडायला गेले होते. पण त्यांच्या तोंडून दुष्काळाच्या ज्या गोष्टी मी ऐकल्या त्या सगळ्यांत चार-पाच पोरं असतात. कामावर एकत्र जायची, एकत्र भाकरी खायची, मुकादमाची नक्कल करायची. हाल खूप होते, पण एकट्याचे नव्हते. आणि दुष्काळ कधी संपणार हे कुणाला माहीत नसलं तरी उद्या सकाळी काय करायचं हे माहीत होतं: पाटी-फावडं घेऊन कामावर जायचं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस आईबापांपासून सुटून मित्रांच्या घोळक्यात शिरत असतो, त्या वयाचं कामच ते. नेमकं त्याच वयात आपण त्याला दीड वर्ष आईबापांबरोबर दोन खोल्यांत कोंडलं. बहात्तरमध्ये ज्यांचं मन खरोखर मोडलं त्यांच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, एवढंही त्यात धरायला हवं. 'अंगात आलं', 'वेड लागलं', 'घर सोडून गेला' अशा तीन शब्दांत त्या संपायच्या.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सगळीच मुलं कोमेजली असं नाही. माझ्या वर्गातला बोलताना अडखळणारा एक मुलगा ऑनलाइन वर्गात फुलला. चॅटमध्ये भराभर उत्तरं टाकायचा, कुणी हसायला नव्हतं. वर्गात ज्यांना चिडवलं जायचं त्यांना टाळेबंदी ही सुट्टी वाटली. शाळा उघडायची वेळ आली तेव्हा त्यांचं पोट दुखायला लागलं. म्हणजे शाळा बंद असणं हा एका मुलाचा आजार होता आणि शाळा उघडणं हा दुसऱ्याचा. एकच परिपत्रक दोघांना पुरणार नव्हतं. ओळखणारं माणूस लागतं.

ते माणूस मी नव्हतो, हे मला कसं कळलं ते सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात दहावीतला एक मुलगा तासाच्या शेवटी टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, बोनाफाईड पाहिजे होतं." मी हजेरी भरत होतो. मान वर न करता विचारलं, "कशाला आता मध्येच? शाळा सोडतोस की काय?" तो गप्प. मी पुन्हा, जरा मोठ्यानं, "अरे, कारण लिहावं लागतं. कशासाठी?" त्यानं घडी घातलेला अर्ज पुढे केला. बाल संगोपन योजनेचा होता. एक पालक गेलेल्या मुलांना महिन्याला थोडीशी रक्कम मिळते, तो. वडील एप्रिलमध्ये गेले होते. वर्ग अजून बसलेलाच होता आणि सगळा वर्ग बघत होता. मी सही केली, शिक्का मारायला ऑफिसात पाठवलं. तो मुलगा मग शाळेत यायचा, पण शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून. सहामाहीला त्यानं माझ्या पेपरात नकाशा कोरा ठेवला. मी वीस वर्षं शिकवतोय, डी.एड.पासून बी.एड.पर्यंत बालमानसशास्त्राचे पेपर दिलेत, आणि मला एवढं सुचलं नाही की ऑक्टोबर २०२१ मध्ये एखादं पोर बोनाफाईड मागतंय म्हणजे काय असू शकेल.

सरकारनं पैशांची सोय केली, हे मान्य करायला हवं. दोन्ही पालक गेलेल्यांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव, एक पालक गेलेल्यांना ही योजना. पण अर्ज, दाखला, शिक्का या वाटेवर मुलाला भेटणारं एकही माणूस असं नव्हतं ज्याचं काम त्याच्याशी बोलणं हे होतं. ग्रामसेवकाचं काम दाखला, माझं काम बोनाफाईड, बँकेचं काम खातं. मुलींच्या बाबतीत तर ते माणूस नसण्याची किंमत आणखी मोठी पडली. शाळा बंद, घरात माणूस गेलेला किंवा काम गेलेलं, आणि पन्नास माणसांत स्वस्तात उरकतंय म्हणून आमच्या परिसरातल्या दोन मुली नववीतून थेट सासरी गेल्या. त्यांचा ताण कुठल्या प्रश्नावलीत आला असेल?

आता महामारी गेली, तर हा विषय कशाला उकरायचा? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०१९ साली देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं होतं, २०२० साली १२,५२६, २०२१ साली १३,०८९. २०२१ मध्ये सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,८३४. यात सगळ्या वयाचे विद्यार्थी आहेत, कारणं नाना प्रकारची आहेत, आणि सगळं खापर कोरोनावर किंवा दहावीवर फोडणं खोटेपणाचं होईल. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, विशाखापट्टणममधल्या नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी निर्देश द्यावे लागले ते उगाच नाही. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्य शिकलेली व्यक्ती हवी, असं त्यात आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मी प्रत्येक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि कुणीतरी तो रोज पुसतं, बहुधा गणिताचे सर, जागा पुरत नाही म्हणून.

मला दोन गोष्टी व्हायला हव्या आहेत. एक, पुढच्या वेळी महापूर येवो, साथ येवो नाहीतर ट्रक जळो, 'झालं नाही तर काय' हे शाळा सुरू होतानाच, जूनमध्ये, छापून मुलांच्या हातात असावं. कोल्हापूर-सांगलीला दर काही वर्षांनी पाणी शिरतं, त्यामुळे ही काही शंभर वर्षांतून एकदा लागणारी सोय नाही. दुसरी, समुपदेशक हा पूर्ण वेळेचा, त्याच कामासाठी नेमलेला माणूस असावा. परीक्षेच्या महिन्यात फोनवर बसवलेला नको आणि ज्याला दोन तास मोकळे आहेत असा शिक्षकही नको.

आमची पटसंख्या शंभराच्या कितीतरी वर आहे. जिन्याखालच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली आहे. त्या खोलीत पूर्वी माझे नकाशे असायचे, अजूनही आहेत. ब्राझीलचा गुंडाळलेला नकाशा दारामागे उभा आहे. समुपदेशक म्हणून रजिस्टरात माझंच नाव आहे, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रासकट. निदान आठवड्याचे चार तास तरी या कामासाठी वेळापत्रकात द्या, असा अर्ज मी केला. मुख्याध्यापक म्हणाले, "देतो की. भूगोलाचे कमी करून घ्या."